छळिताची तसबीर

खानदेशातील जुन्या घरांच्या माजघरात शिरले की भिंतीवर तसबिरींची एक ओळ दिसते. देवादिकांच्या शेजारी साधुसंत, त्यांच्या शेजारी घरातील दिवंगत वडीलधारे, आणि जळगाव-धुळ्याकडे पुष्कळ ठिकाणी साने गुरुजी. हार घालणाऱ्याचा हात ज्या मुद्रेपाशी क्षणभर थबकतो ती मुद्रा बहुधा सुखात नांदलेल्या पुरुषाची नसते. ज्याने सोसले त्याची असते. मनुष्यस्वभावाचा हा धर्मच आहे, आणि त्यात गैर काही नाही. परंतु विचारी पुरुषाला येथे एक शंका येते. छळ सोसलेल्या माणसाची मुद्रा पाहून जो आदर उपजतो तो त्याच्या सोसण्याविषयीचा असतो, की त्याच्या मताविषयीचा? सोसण्यावरून निघालेला आदर नकळत मतापर्यंत पोचला, तर तो प्रमाणाच्या वाटेने पोचला की केवळ करुणेच्या?

स्वपंथीय उदाहरणाने या प्रश्नाचा निर्णय करू गेल्यास ममत्व आड येते. ज्याच्याविषयी आधीच श्रद्धा आहे त्याचे दुःख हे आपल्याला सहजच त्याच्या मताची साक्ष वाटते. यास्तव उदाहरण दूरचे घ्यावे. ते फार अपरिचित मात्र नसावे. १८४१ साली हरि केशवजी यांनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने एका इंग्रजी रूपकग्रंथाचे मराठी भाषांतर केले. मराठी गद्याच्या आरंभकाळातील हे पुस्तक. पाठीवर ओझे घेतलेला एक यात्रेकरू नाशाच्या नगरातून निघून दिव्य नगरास जातो, एवढीच त्याची कथा. मूळ ग्रंथकार जॉन बन्यन हा प्रोटेस्टंट उपदेशक. त्याचा बाप भांडी सांधण्याचा धंदा करी, आणि तोच धंदा बन्यननेही केला. त्याचा जन्म १६२८ चा. राजमान्य धर्ममंडळीचा परवाना नसता उपदेश केला या अपराधावरून १६६० च्या नोव्हेंबरात त्याला धरले, आणि सुमारे बारा वर्षे तो बेडफर्डच्या तुरुंगात राहिला. ‘पुढे उपदेश करणार नाही’ एवढे वचन दिले असते तर सुटका होती. ते त्याने दिले नाही.

१६७८ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढील वर्षीच्या तिसऱ्या आवृत्तीत ग्रंथकाराची तसबीर आली. रॉबर्ट व्हाइट नावाच्या चित्रकाराने त्याला समोर बसवून काढलेले रेखाचित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आजही आहे. छापील तसबिरीत बन्यन हातावर डोके टेकून डोळे मिटून बसला आहे. त्याच्यामागे त्याचे स्वप्न आहे: ओझे घेतलेला यात्रेकरू चढण चढत आहे आणि वर नगर दिसत आहे. खाली, झोपलेल्या पुरुषाच्या अगदी बुडाशी, एक गुहा आहे आणि गुहेत सिंह आहे. तुरुंगाला सिंहाची गुहा म्हणण्याची चाल त्या लोकांत बायबलमुळे रूढ होती. त्यामुळे पाहणाऱ्याला निराळे सांगावे लागत नव्हते: हा पुरुष सिंहावर निजला, आणि निजला तरी त्याचे स्वप्न ढळले नाही.

ही तसबीर कशी निपजली हेही पाहण्यासारखे आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेषा खोदायच्या, त्यांत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून घ्यायचा आणि ओला कागद दाबून ठसा उठवायचा. शेकडो ठसे काढले की रेषा झिजतात. मग कोणी दुसरा कारागीर पहिल्या ठशावरून नवा पत्रा कोरतो, तिसरा दुसऱ्यावरून. प्रत्येक कोरणीगणिक मुद्रा थोडी बदलते. कोठे ओठ अधिक दृढ होतात, कोठे डोळे अधिक करुण. पोथ्यांचे पाठभेद ज्यांनी ताडून पाहिले आहेत त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. तसबिरीलाही पाठभेद असतात, आणि ते बहुधा भक्ताच्या इच्छेच्या दिशेने पडतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. पूर्वपक्ष असा: ‘या पुरुषाने बारा वर्षे तुरुंग सोसला, एका वचनाने सुटका होती ती नाकारली; अर्थात त्याचे मत सत्य असलेच पाहिजे. असत्यासाठी कोण एवढे सोसेल?’ हे अनुमान ऐकावयास बलवान, परंतु हेतू व्यभिचारी आहे. जेथे जेथे छळ सोसणे तेथे तेथे सत्य, अशी व्याप्ती सिद्ध होत नाही. खुद्द बन्यनचेच चरित्र ती मोडते. त्याचा पहिला ग्रंथ १६५६ चा, आणि तो क्वेकर नावाच्या पंथाच्या खंडनार्थ लिहिलेला. क्वेकरांचे म्हणणे, प्रत्येकाच्या अंतरीच ईश्वराचा प्रकाश आहे, तोच मुख्य; बन्यनचे म्हणणे, हे मत माणसाला ग्रंथापासून आणि तारकापासून दूर नेणारे आहे. दोघांनीही एकाच राजाच्या राज्यात तुरुंग भोगला. १६७२ साली क्वेकर बंद्यांना क्षमापत्र मिळाले तेव्हा क्वेकरांनी ज्या इतर पंथांच्या कैद्यांची नावेही त्यात घालून घेतली, त्यांत बन्यनचे नाव होते! परस्परविरुद्ध दोन मते एकाच काळी सत्य असू शकत नाहीत, परंतु दोघांचा छळ मात्र एकाच वेळी, सारखाच खरा होता. म्हणून छळावरून मताचे सत्यत्व काढणे म्हणजे धुरावरून अग्नी काढण्यासारखे नव्हे. धूळ पाहून धूर म्हणणे आणि त्यावरून अग्नी काढणे, असा तो प्रकार होय.

याहून कठोर उदाहरण त्याच १६६० सालचे. त्या वर्षी जून महिन्यात अमेरिकेतील बोस्टन गावी मेरी डायर या क्वेकर स्त्रीला फासावर चढविण्यात आले. चढविणारे कोण? ज्या प्रोटेस्टंट लोकांनी इंग्लंडात स्वतः जाच सोसला, आणि जाचाला कंटाळून समुद्र ओलांडून नवी वसाहत केली, तेच. त्याच्याही आधी १५५३ साली जिनिव्हा नगरात सर्व्हेटस या पंडिताला जिवंत जाळले. त्या नगरातही प्रोटेस्टंट मताचीच सत्ता होती. छळ सोसलेल्याच्या वारसाला सत्ता मिळाली की तो छळ करणारच नाही, असा भरवसा त्याच्या पूर्वजाची तसबीर देत नाही. किंबहुना ती तसबीर पाहून तो म्हणू लागतो, ‘आम्ही सोसले, म्हणून आम्ही खरे, आम्ही खरे, म्हणून तुम्ही गप्प राहा.’ करुणेतून सुरू झालेले अनुमान असे क्रौर्यापाशी येऊन पोचते. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत चाललेल्या धर्मन्यायासनाचे अधिकारीही आपल्या हुतात्म्यांच्या प्रतिमांना वंदन करणारेच होते.

तर मग सोसणे निरर्थक काय? तसेही नव्हे. सोसण्याने मत सिद्ध होत नाही, निष्ठा सिद्ध होते. ‘हा पुरुष जे बोलतो ते त्याला खरोखर तसे वाटते’ एवढे सोसण्याने निःसंशय ठरते, आणि हे लहान प्रमाण नव्हे. कारण जगात बोलणे एक आणि वाटणे एक अशांचीच गर्दी फार. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. आज ती प्रवचने जो वाचतो तो त्यातील विचार विचाराच्याच कसोटीवर घासून घेतो. ती तुरुंगात झाली म्हणून कोणी प्रत्येक वाक्य निर्णायक मानीत नाही. परंतु ती तुरुंगात झाली हे ठाऊक असल्यामुळे वाचक त्यांना पोकळ मानण्याचे धाडसही करीत नाही. सोसण्याची योग्य किंमत ती एवढी. ऐकणाऱ्याकडून सावधान श्रवण मिळविण्याचा हक्क तिने मिळतो, संमती मिळविण्याचा नव्हे.

येथपर्यंत प्रश्न प्रमाणाचा होता, आणि न्यायाने तो सुटला. परंतु बन्यनच्या तसबिरीकडे पुन्हा पाहिल्यास एक निराळाच प्रश्न पुढे येतो, आणि तो सुटण्यास अधिक कठीण आहे. तसबिरीत पुरुष आहे, स्वप्न आहे, सिंह आहे. एलिझाबेथ नाही.

एलिझाबेथ ही बन्यनची दुसरी पत्नी. त्याला धरले तेव्हा लग्नाला फार दिवस झाले नव्हते. ती गरोदर होती. नवऱ्याला धरल्याच्या धक्क्याने तिचे अकाली बाळंतपण झाले आणि मूल गेले. पहिल्या पत्नीची चार मुले तिच्या पदरात होती, त्यांपैकी थोरली मेरी जन्मांध. १६६१ साली ही स्त्री बेडफर्डास आलेल्या न्यायाधीशांपुढे उभी राहिली आणि नवऱ्याच्या सुटकेसाठी बोलली. एकाने तिला झिडकारले. दुसऱ्याने, मॅथ्यू हेल त्याचे नाव, सहानुभूती दाखविली, परंतु सुटका काही झाली नाही. बन्यन तुरुंगात नाड्यांच्या टोकांना पत्रे बसवून देण्याचे काम करून घरी चार पैसे पाठवी. त्याने स्वतः लिहून ठेवले आहे की बायकामुलांचा वियोग, आणि त्यातही त्या आंधळ्या मुलीचा विचार, त्याला तुरुंगाहून अधिक जाचत असे. येथे त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुकच करावे लागते. त्याने किंमत लपविली नाही. परंतु किंमत ठरविली त्याने, आणि तिचा मोठा भाग चुकता केला दुसऱ्यांनी. त्या आंधळ्या मुलीला कोणी विचारले नव्हते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे रूप अधिक स्पष्ट दिसते. कारण येथे छळणारा राजा नव्हता. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाला राज्यकर्त्यांकडून भय नव्हते, उलट संरक्षण होते. त्याला टाकले ते ज्ञातीने, घराने, पंगतीने. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे जालन्याच्या बाजूस पाळक म्हणून त्यांनी मोठे काम केले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती त्यांच्या मागोमाग मिशनकडे गेला, न्यायालयाने त्याला बापाच्या ताब्यात परत दिले, आणि मग ज्ञातीत पुन्हा घ्यावे की नाही यावर धर्मशास्त्र्यांचा कलह माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देववून त्याला घेण्याची खटपट केली, पण ज्ञातीने ती मानली नाही. नारायणरावांच्या छळाची गोष्ट सांगितली जाते. त्या पोराला दोन्ही दारे लागली होती, त्याची गोष्ट प्रायश्चित्ताच्या वादात हरवली.

परंतु या बाबतीत सर्वांत मोठे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८६१ साली जन्मलेले हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे अभ्यासक, कवी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या वाटेनेच आपण येशूपर्यंत आलो असे ते सांगत, आणि त्यांच्या भजनांची चाल पाहिली की त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. पुढे १९१७ साली मिशनचा पगारही सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. म्हणजे ज्यांच्याकडे गेले त्यांच्याही चौकटीत ते मावले नाहीत. १९१९ साली मुंबईस त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्निसंस्कार झाला. एवढ्या वृत्तांतावरून एखाद्या कोरणाराने तसबीर केली असती तर तीही बन्यनच्या तसबिरीसारखीच झाली असती: एकटा पुरुष, वर ध्येय, खाली सिंह.

सुदैवाने टिळकांचे चित्र कोरणाराने काढले नाही. त्यांच्या पत्नीने काढले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. नावातच चित्र आहे, परंतु हे चित्र तांब्याच्या पत्र्यावरचे नाही. टिळकांचा संताप त्यात आहे, हातचे सर्व देऊन टाकण्याची त्यांची ओढ आणि तिच्यापायी घरात पडलेली चणचण आहे, सांगून न सांगता निघून जाण्याची त्यांची खोड आहे. नवरा बाटला ही वार्ता आली तेव्हा त्या नवऱ्याजवळ नव्हत्या, पदरात लहान मुलगा होता. त्यापुढील काही वर्षे पंढरपुरास आणि इतरत्र आप्तांच्या आश्रयाने काढली. त्यांनी धर्म सोडला नव्हता. तरी ज्ञातीच्या दृष्टीने ना सधवा, ना विधवा अशी त्यांची अवस्था होती. टिळकांना निदान नवी मंडळी मिळाली होती, नवे मित्र मिळाले होते, स्वतःच्या निश्चयाचे समाधान होते. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला निश्चय दुसऱ्याचा आणि भोग स्वतःचा असा प्रकार आला. पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे असे सोवळे पाळून राहिल्या. आणि सोवळे सुटले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे, स्वतःच्या विचाराने. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो योग्य होता की अयोग्य, हा प्रस्तुत विषय नाही. तो त्यांचा होता, एवढे मात्र खरे.

विशेष हे की हे सर्व लिहूनही त्या ग्रंथात टिळकांविषयी कडवटपणा नाही. वाचक हसतो, चिडतो, आणि शेवटी त्या हट्टी, भोळ्या, उदार पुरुषावर त्याचे प्रेम बसते. दोष दाखविल्याने तसबीर बिघडली नाही. उलट मुद्रेत जीव आला. छळिताचा गौरव करण्यासाठी त्याच्याभोवतीची माणसे पुसून टाकावी लागतात, ही समजूत या एका पुस्तकाने खोटी ठरविली आहे.

टिळकांच्या जीवनातील एक प्रसंग खानदेशातलाच आहे. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. डॉक्टर कीर्तिकर अध्यक्ष होते. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतराएक वर्षांचा मुलगा तेथे कविता म्हणून गेला आणि ‘बालकवी’ हे नाव घेऊन परतला. संमेलनाला टिळक होते. ज्ञातीने टाकून बारा वर्षे झाली होती, आणि त्याच ज्ञातीची माणसे कवितेच्या निमित्ताने त्यांच्यासह एका मंडपात बसली होती. पुढे टिळकांनी त्या मुलाला नगरास आपल्या घरी ठेवून घेतले, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला आईच्या मायेने वागविले. तो त्या घरात राहिला आणि ख्रिस्ती झाला नाही. टिळक उपदेशक होते. उपदेश हेच त्यांचे व्रत. तरीही घरात आलेल्या पोराच्या निष्ठेवर त्यांनी आपल्या निष्ठेचे ओझे ठेवले नाही. ज्याने सोसले त्याला सत्ता मिळाल्यावर तो काय करतो, ही जर कसोटी, तर बोस्टनचे न्यायाधीश तीत उतरले नाहीत आणि नगरचा हा कवी उतरला. १९१८ साली जळगावजवळ भादली स्थानकावर बालकवींचा आगगाडीखाली अंत झाला; पुढल्याच वर्षी टिळक गेले.

तसबिरीचा दुसरा एक दोष असा की ती नेहमी मित्रच काढतो असे नाही. पुष्कळदा ती शत्रू काढतो, आणि कागदावर न काढता भाषेत काढतो. ‘बाटगा’ हा शब्द अशीच एक छापील मुद्रा होय. एकदा पत्रा कोरला की हव्या तितक्या माणसांवर ठसा उठविता येतो. महानुभावांना हे निराळे सांगावयास नको. ‘मानभाव’ या पंथनामावरून ‘मानभावी’ म्हणजे वरून गोड व आत कपटी असा अर्थ मराठीत रुजला आणि कोशात जाऊन बसला. पोथ्या सकळ लिपीत, सुंदरी लिपीत झाकलेल्या राहिल्या, तेव्हा बाहेरच्यांना खरी मुद्रा दिसण्याचा मार्ग उरला नाही आणि ठसा मात्र चालत राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीचा उलगडा ज्या विद्वानांनी केला त्यांत इतिहासाचार्य राजवाडे होते. धुळ्यास १९२६ साली त्यांचा अंत झाला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावी उभे राहिले. पोथी उघडली तरी शब्द गेला नाही. आजही तो बोलण्यात आहे, आणि बोलणाऱ्याच्या मनात बहुधा द्वेषही नसतो. झिजलेल्या पत्र्याचा तो केवळ ठसा असतो.

पंथाच्या पूर्वसूरींनी श्रीचक्रधरस्वामींचे स्मरण जतन केले ते तसबिरीने नव्हे. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा हा स्मरणाचा क्रम. केशिराजबासांनी ‘मूर्तिप्रकाशा’त मूर्तीचे वर्णन केले तेही शब्दांनी. आणि म्हाइंभटांनी लीळा गोळा करताना ज्याला जे ठाऊक होते त्याला ते विचारले. परिवारातील लहानथोरांचे प्रश्न, त्यांची भांडणे, रुसवे, खाण्यापिण्याच्या गोष्टी, काही गाळले नाही. महदाइसेचे प्रश्न त्या ग्रंथात इतके आहेत की तिला वगळले तर ग्रंथाचा मोठा भाग मुका होईल. मूळ पोथी धाडीत गेली तेव्हाही ती पुन्हा उभी राहिली ती अनेकांच्या मुखोद्गत पाठांवरून, आणि त्यांत हिराइसेचा पाठ होता. ज्या मुद्रेचे स्मरण इतक्या जणांनी मिळून केले तिच्यात भोवतीची माणसे आपोआप आली.

तथापि येथे थांबून समाधान मानणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अनुसरण घेऊन निघालेल्या साधकाच्या मागेही एक घर असते. त्याला राजा तुरुंगात घालीत नाही आणि ज्ञातीही आता टाकीत नाही. परंतु निश्चय एकाचा आणि भोग दुसऱ्याचा हा जो एलिझाबेथच्या व लक्ष्मीबाईंच्या वाट्याचा प्रकार, तो तेथेही संभवतो. नागदेवाचार्यांची आई आबाइसा आणि बहीण उमाइसा याही त्याच मार्गाला लागल्या, हे त्या घराचे भाग्य. सर्वांच्या घरी तसे घडत नाही. मठात साधकाच्या वैराग्याचे कौतुक होते, ते योग्यच आहे. त्याच वेळी खानदेशातल्या एखाद्या गावी त्याची म्हातारी आई दिवेलागणीला उंबऱ्यात बसून असते. तिने काय सोडले, याची नोंद कोणत्याच पोथीत होत नाही.